नमुना

धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेवाल्याच्या बाजूला माझी खोली.
एसी आहे, पण तो यंत्रांसाठी.
डबीवर नाव, वेळ, किती दिवसांचा संयम:
हा शेवटचा रकाना पुरुष भिंतीकडे तोंड करून भरतात.

घरून आणणार असाल तर शर्टाच्या आत ठेवा,
अंगाला लागून, तासाभरात या.
बाहेर मे महिना, पंचेचाळीस,
आणि मी लोकांना ऊब सांभाळायला सांगते.

गुणवंत सोनकुसरे हिंगण्याहून आला.
एमआयडीसीत, भट्टीपुढं, अकरा वर्षं.
डबी अशी दिली, जशी कुणी
बसमध्ये सापडलेली दुसऱ्याची वस्तू परत करावी.

हर्षलता बाहेर बाकावर. मांडीवर फाइल,
रबर लावूनही न मिटणारी.
थायरॉइड, सोनोग्राफ्या,
नळ्यांत रंग सोडून काढलेला फोटो, दोन्ही मोकळ्या,
दुर्बीण घातली त्याचे बेंबीशी टाके.
ताजबागचा धागा फाइलीत नाही, मनगटावर आहे.
सात वर्षं.
त्याचा हा पहिला कागद.

"काहून जी, एवढ्या लवकर समजते काय?"
एवढ्या लवकर, म्हणाला तो.

काचेवर बारीक चौकटी असतात, गणिताच्या वहीसारख्या.
पुढं जाणारे.
जागीच वळवळणारे.
न हलणारे.
मिलीलिटरला दीड कोटी तरी हवेत.
काउंटरवरचा माझा अंगठा लवकर थांबला.
दुसरा थेंब घेतला. पुन्हा थांबला.
तीस लाख.
इतवारीत हा आकडा श्रीमंतीचा वाटला असता.

वांझोटी म्हणतात, तो शब्द मी लहानपणापासून ऐकते,
हळदीकुंकवात, नळावर, बारशाच्या दारात.
त्याच शब्दाचा नवरा मला कधी भेटला नाही.
पुरुषासाठी शिव्या आहेत,
पण त्या वेगळंच काही सांगतात,
आणि ते बहुतेकदा खोटं असतं.
गुणवंतचं बाकी सगळं ठीक आहे.

आमची काटोलला संत्र्याची बाग होती.
बाबा झाडांचं पाणी तोडायचे, पानं सुकेस्तोवर.
ताण दिला की बहार येतो, म्हणायचे.
हर्षलताला सात वर्षं ताण दिला सगळ्यांनी.
ती झाड नाही, बाबा.

डॉक्टर म्हणाले, अंडकोषाच्या शिरा फुगल्यात,
वरून भट्टी.
एक पेशी घडायला अडीच महिने लागतात,
म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा मोजू.
ऑपरेशन लागेल, कदाचित नाही लागणार,
लागलं तरी मूल होईलच असं नाही.
हे वाक्य ते कुणालाच गाळून सांगत नाहीत,
त्यासाठी मी त्यांच्याकडे टिकले.

काल एक होती, उमरेडची. कधी खोकलीसुद्धा नव्हती,
आणि क्षयानं नळ्या आतून शिवून टाकलेल्या.
परवाच्या दोघांचं कागदावर सगळं चांगलं.
त्यांचे चेहरे मला जास्त आठवतात.
बोट दाखवायला जागाच नाही,
स्वतःकडंही.
माझ्या घरी असे दोन कागद आहेत,
कपाटात, रेशनकार्डाखाली.

गुणवंत रिपोर्ट घेऊन उभाच राहिला.
हर्षलतानं रबर काढला, फाइल पुढं केली.
"नाही," तो म्हणाला, "मले माही वेगळी फाइल पाहिजे."
खालच्या झेरॉक्सवाल्याकडून पंधरा रुपयांची आणली,
निळी. आत एकच कागद, सारखा घसरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर आई.
सात वर्षं तो फोन हर्षलता उचलायची.
त्यानं उचलला.
"माह्यात आहे," तो म्हणाला. "तिच्यात नाही.
माह्यात, म्हणतो ना."
जिन्यावरून कुणीतरी वळून पाहिलं.

ती रडली नाही. हसलीही नाही.
पिशवीतून पाण्याची बाटली काढली,
आधी स्वतः प्यायली,
मग उरलेली त्याच्याकडं सरकवली.

मी आत गेले. खिडकीत नवी डबी होती,
अजून कोमट.